विजेच्या मोटारीतील काच धुण्याचे द्रव

मोटारीच्या पुढच्या काचेवर द्रवाची चिळकांडी सोडून ती वायपरने पुसून घेण्याची सोय इतकी किरकोळ समजली जाते की, तिच्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ही उपेक्षा क्षम्य होती. तेथे मालकास एंजिनातील तेल पाहण्यासाठी, घटाची अग्रे पुसण्यासाठी, पट्ट्याचा ताण अजमावण्यासाठी वारंवार बॉनेट उघडावे लागे आणि त्या निमित्ताने काच धुण्याच्या टाकीकडेही सहजच लक्ष जाई. विजेच्या मोटारीत एंजिनच नसल्यामुळे तेल, ठिणगी-प्लग, तेलाची गाळणी ही सर्व कामे एकदम नाहीशी झाली. मालकाने स्वतःच्या हाताने मोटारीत काही ओतावे असे एकच काम तेथे नियमितपणे उरले आहे, आणि ते म्हणजे काच धुण्याचे द्रव भरणे हे होय. टायरमध्ये हवा भरणे हे दुसरे काम म्हणता येईल; पण तेही बहुधा पंपावरील माणूसच करतो.

या बदलाचा परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. जे बॉनेट आठवड्यातून एकदा उघडले जाई, ते आता वर्षातून एक-दोनदाच उघडले जाते. त्याखालच्या टाक्या, नळ्या आणि झाकणे यांची ओळख राहत नाही. काच धुण्याची टाकी रिकामी झाल्याचे पहिल्या पावसात किंवा समोरून येणाऱ्या ट्रकने चिखल उडवल्यावर लक्षात येते, आणि मग घाईघाईने हाती येईल ते पाणी सापडेल त्या तोंडात ओतले जाते. अशा प्रसंगी होणाऱ्या दोन चुका, म्हणजे चुकीच्या तोंडात द्रव ओतणे आणि योग्य तोंडात चुकीचे द्रव ओतणे, यांचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिल्या चुकीने मोटारीची हानी होते. दुसरीने क्वचित माणसाचीही होऊ शकते.

प्रथम या यंत्रणेची रचना थोडक्यात पाहू. दोन ते पाच लिटर द्रव मावेल अशी प्लॅस्टिकची एक टाकी पुढच्या बंपरच्या मागे किंवा चाकाच्या पोकळीलगत बसवलेली असते. ती स्वतः सहसा दिसत नाही. तिच्यापासून वर आलेली मान आणि त्या मानेवरील झाकण एवढेच दिसते. टाकीच्या तळाशी एक छोटा केंद्रोत्सारी पंप असतो. चालकाने दांडी ओढली की पंप फिरतो, द्रव रबरी नळीतून वर चढते आणि काचेच्या पायथ्याशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते. द्रव पुन्हा मागे उतरू नये म्हणून नळीत एकदिश झडप बसवतात. पेट्रोलच्या मोटारीत आणि विजेच्या मोटारीत या रचनेत काहीही फरक नाही.

विजेच्या मोटारीत शेकडो व्होल्ट दाबाची बॅटरी असल्यामुळे बॉनेटखाली पाणी सांडले तर धक्का बसेल, अशी भीती पुष्कळांस वाटते. ही भीती या कामापुरती अनाठायी आहे. काच धुण्याचा पंप १२ व्होल्टवर चालतो. मोठ्या बॅटरीतील वीज एका परिवर्तकाद्वारे खालच्या दाबास आणून त्यावर १२ व्होल्टचा एक साहाय्यक घट भारित ठेवलेला असतो आणि दिवे, भोंगा, वायपर व हा पंप त्यावरच चालतात. एकदिश प्रवाहाच्या बाबतीत ६० व्होल्टवरील दाब हा धोक्याच्या वर्गात धरतात आणि अशा तारांचे वेष्टन नारिंगी रंगाचे असावे असा नियम आहे. नारिंगी तारेस हात लावू नये, तिची जोडणी सोडवू नये, हे खरे. पण या जोडण्या पाण्यापासून सुरक्षित अशा बंदिस्त केलेल्या असतात आणि नरसाळ्यातून ओघळलेल्या पेलाभर पाण्याने त्यांस बाधा येत नाही. दाबाच्या पाण्याचा झोत मारून बॉनेटखालचा भाग धुणे ही गोष्ट मात्र वेगळी. ती टाळावी, हेच उत्तम.

भरण्याचे तोंड कोठे असते, याचे उत्तर प्रत्येक मोटारीगणिक निराळे आहे. २०२० च्या जानेवारीत विक्रीस आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही ही मूळच्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारीवरून सिद्ध केलेली असल्यामुळे तिचे बॉनेट नेहमीप्रमाणे उघडते आणि भरण्याचे तोंड त्याखालीच असते. टेस्लाच्या मोटारीत बॉनेटच्या जागी सामान ठेवण्याचा कप्पा असून भरण्याचे तोंड त्या कप्प्याच्या काठाशी असते. टेस्लाने मुंबईत आपले पहिले दालन २०२५ च्या जुलैत उघडले. तेव्हा ही रचनाही आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही. सर्वांत लक्षणीय उदाहरण मात्र मर्सिडीझ-बेंझच्या ईक्यूएस या मोटारीचे आहे. पुण्याजवळ चाकण येथे २०२२ पासून तिची जुळणी होऊ लागली. या मोटारीचे बॉनेट मालकाने उघडावयाचेच नाही. ते फक्त अधिकृत कारागिराने उघडावयाचे. मग काच धुण्याचे द्रव कोठून भरावयाचे? त्यासाठी पुढच्या चाकावरील पत्र्यात, बाजूला, एक छोटी झडप ठेवली आहे. ती दाबली की भरण्याचे तोंड बाहेर येते. पेट्रोल भरण्याच्या झडपेची आठवण करून देणारी ही रचना आहे.

काही जाणत्या मोटारप्रेमींनी या बंद बॉनेटवर टीका केली. आपल्या मोटारीत काय आहे हे पाहण्याचा अधिकारही निर्मात्याने काढून घेतला, असा तिचा आशय होता. ती टीका अगदीच निराधार नाही. परंतु निर्मात्याने ही दक्षता कोणत्या चुकीच्या भयाने घेतली असावी, हे समजून घेतल्यास तिची धार बरीच बोथट होते.

ती चूक अशी. विजेच्या मोटारीत एंजिन नसले तरी तिला थंड ठेवण्याची आवश्यकता संपत नाही. उलट ती अधिक नाजूक झाली आहे. बॅटरी फार तापता कामा नये आणि फार गारही राहता कामा नये. मोटर आणि एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर यांतही उष्णता निर्माण होते. म्हणून अनेक मोटारींत कूलंटची एक नव्हे, तर दोन, क्वचित तीन मंडले असतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र टाकी बॉनेटखाली दिसते. त्यांच्या शेजारी ब्रेकच्या द्रवाची टाकी आणि काच धुण्याच्या टाकीची मान. म्हणजे एंजिन गेले तरी झाकणांची संख्या कमी झाली नाही, कित्येकदा वाढलीच. आणि त्यांकडे पाहण्याची सवय मात्र गेली.

द्रवाच्या रंगावरून टाकी ओळखण्याचा मोह होतो, तो आवरावा. काच धुण्याचे द्रव पुष्कळदा निळे असते. पण कूलंटही निळे, हिरवे किंवा गुलाबी असू शकते. झाकणावरील खूण हीच विश्वसनीय होय. काच धुण्याच्या झाकणावर वाकड्या चौकोनाच्या आकाराची काच आणि तिच्यावर उडणारे कारंजे असे चित्र असते. कूलंटच्या झाकणावर लाटांमध्ये बुडालेला तापमापक किंवा गरम असताना उघडू नये अशी सूचना असते. ब्रेकच्या टाकीवर डॉट-३ किंवा डॉट-४ असे अक्षरांकन आढळते. टाकी दिसत असेल तर आणखी एक फरक ध्यानात घ्यावा : कूलंटच्या टाकीवर किमान व कमाल अशा दोन रेषा असतात, तर काच धुण्याच्या टाकीची नुसती मानच वर आलेली असते.

काच धुण्याचे द्रव कूलंटच्या टाकीत गेल्यास काय होते? कूलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे. ग्लायकॉल, आयनमुक्त पाणी आणि ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून घातलेली रसायने यांचे ते प्रमाणबद्ध मिश्रण असते. काच धुण्याच्या द्रवातील फेस करणारी द्रव्ये त्यात मिसळली की पंपात फेस होतो आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ती घटते. अल्कोहोलामुळे उत्कलनबिंदू खाली येतो. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे अरुंद वाहिन्यांच्या आतल्या पृष्ठभागाचे क्षरण सुरू होते. यांखेरीज विद्युत्‌संवाहकतेचा प्रश्न आहे. शुद्ध पाणी विजेचे अत्यंत दुर्बल वाहक असते. नळाच्या पाण्याची संवाहकता त्याच्या हजारो पट असते. बहुतेक मोटारींत कूलंट धातूच्या बंद पट्ट्यांतून खेळते आणि विद्युत्‌भारित भागांस त्याचा स्पर्श होत नाही. तथापि गळती झाल्यास ते कोठे पोचेल याचा भरवसा नसतो. म्हणूनच कित्येक निर्माते मुद्दाम अल्पसंवाहक कूलंट वापरतात आणि त्यात दुसरे काहीही मिसळण्यास मनाई करतात.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही, हे अमेरिकेतील शेव्हरोले व्होल्ट या मोटारीच्या प्रकरणावरून दिसून आले. व्होल्टमध्ये मोठ्या बॅटरीच्या जोडीला पेट्रोलचे एंजिनही होते. २०११ च्या मे महिन्यात तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने एका व्होल्टवर बाजूने खांबाची धडक बसण्याची चाचणी घेतली. धडकेत बॅटरीस इजा झाली आणि कूलंट गळाले. त्या वेळी काहीच घडले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी, आवारात नुसत्या उभ्या असलेल्या त्या मोटारीने पेट घेतला आणि शेजारच्या मोटारीही जळाल्या. गळालेले कूलंट बॅटरीच्या विद्युत्‌भागांपर्यंत पोचून तेथे लघुमंडल झाले असावे, असा निष्कर्ष निघाला. चौकशी २०१२ च्या जानेवारीत संपली. निर्मात्याने योजलेल्या उपायांत बॅटरीभोवतीचा सांगाडा बळकट करणे आणि कूलंटची पातळी सांगणारा संवेदक बसवणे हे होतेच. पण तिसरा उपाय आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. बॅटरीच्या कूलंटच्या टाकीत कोणी वाजवीपेक्षा अधिक द्रव ओतू नये म्हणून त्या टाकीवर सहजी काढता न येणारी एक पट्टी बसवण्यात आली. अपघातातील गळतीचा विचार करणाऱ्या अभियंत्यांस मालकाच्या हातातील बाटलीचाही विचार करावा लागला, तो असा. ईक्यूएसचे न उघडणारे बॉनेट हे या पट्टीचेच मोठे भावंड म्हणता येईल.

चूक घडलीच, तर काय करावे? मोटार चालू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. कारण पुष्कळ मोटारींत चार्जिंग चालू असताना बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंटचा पंप आपोआप सुरू होतो. जोवर पंप फिरला नाही, तोवर चुकीचे द्रव बहुतांशी त्या लहान टाकीतच राहते आणि तेवढीच टाकी उपसून काम भागण्याची शक्यता असते. पंप एकदा फिरला म्हणजे ते सगळ्या मंडलात पसरते आणि सर्व कूलंट काढून मंडल धुवावे लागते. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर आहे. अशा वेळी मोटार ओढून नेण्याची व्यवस्था करावी आणि काय ओतले, किती ओतले, हे कारागिरास स्पष्ट सांगावे. संकोचाने ते दडवणारे लोक आपलेच नुकसान करून घेतात.

ब्रेकच्या टाकीत पाणी जाणे ही याहूनही गंभीर चूक होय. डॉट-४ वर्गाच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात पाणी मिसळले की तो झपाट्याने उतरतो आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकांत वाफ होऊन पायाखालची कळ पोकळ जाते. मोटरच्या साहाय्याने वेग कमी करण्याची सोय विजेच्या मोटारीत असते, म्हणून ब्रेक कमी तापतात, हे खरे. पण बॅटरी पूर्ण भरलेली असता ती सोय अत्यल्प मिळते, हेही तितकेच खरे आहे. महाबळेश्वरास मोटार पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरू लागणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा प्रश्न : योग्य तोंडात कोणते द्रव भरावे? नळाचे पाणी, असे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळते. ते अपुरे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. काचेवर उडालेले पाणी उन्हात सुकले की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि फवाऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेच क्षार साचून ती बुजतात. शिवाय नुसत्या पाण्याचा पृष्ठताण मोठा, २५ अंशांस सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, असल्यामुळे ते तेलकट काचेवर पसरत नाही, थेंब होऊन ओघळते. रस्त्यावरील धूर आणि तेलाचा अंश, तसेच पावसाळ्याच्या तोंडाशी काचेवर आपटणारे किडे यांचा थर त्याने निघत नाही. वायपर तो थर फक्त सर्वत्र सारवतो.

यावर उपाय म्हणून भांडी घासण्याचे द्रव किंवा डोक्यास लावण्याचा शांपू टाकीत घालणारे पुष्कळ आहेत. त्याने पृष्ठताण कमी होतो हे खरे. पण ही द्रव्ये भरपूर फेस करण्यासाठीच बनवलेली असतात. फेस पंपात अडकतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशात काचेवर साबणाचे पट्टे चमकतात. काच धुण्यासाठी तयार केलेल्या द्रवात थोडा फेस करणारी पृष्ठक्रियाशील द्रव्ये आणि अल्पसे अल्कोहोल असते. ते संहत स्वरूपात मिळते. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ऊर्ध्वपातित किंवा आयनमुक्त पाण्यात मिसळावे. गाळणयंत्रातून बाहेर जाणारे वाया पाणी मात्र या कामी वापरू नये. त्यात क्षार अधिक असतात. ही काटकसर उलटी पडते.

नुसत्या पाण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे आणि ते आरोग्याचे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९७६ साली माजी सैनिकांच्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची साथ उद्भवली. तिला कारण झालेला लेजिओनेला नावाचा जंतू पुढल्या वर्षी ओळखला गेला. हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात, साधारणतः २० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानात वाढतो आणि तुषारांवाटे श्वासातून फुप्फुसात शिरतो. इंग्लंड व वेल्स येथील रुग्णांच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, काच धुण्याच्या टाकीत नुसते पाणी भरणे आणि हा रोग होणे यांत संबंध आढळला. साथीबाहेरच्या रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश रुग्णांच्या मागे हे कारण असू शकेल, असा संशोधकांचा अंदाज होता. धुण्याचे द्रव घातलेल्या टाक्यांत तो जंतू सापडला नाही. एका पाहणीवरून सार्वत्रिक सिद्धांत काढू नये, हे मान्य आहे. तरीपण इंग्लंडात जे घडते, ते उन्हात तासन्‌तास उभ्या असलेल्या नागपुरातील किंवा सोलापुरातील मोटारीच्या टाकीत घडणार नाही, असे मानण्यास आधार दिसत नाही. जंतूस मानवणारे तापमान आपल्याकडे वर्षाचे बहुतेक महिने फुकट उपलब्ध असते.

अल्कोहोलाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. थंड देशांत द्रव गोठू नये म्हणून पूर्वी सर्रास मेथॅनॉल वापरीत. ते स्वस्त आहे, पण विषारी आहे. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाते व प्राणही जातो. मुंबईत मालवणी येथे २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली, ती याच मेथॅनॉलाने. युरोपीय संघाने २०१८ साली केलेल्या नियमानुसार सामान्य ग्राहकांस विकावयाच्या अशा द्रवात वजनाने ०.६ टक्के किंवा त्याहून अधिक मेथॅनॉल असण्यास बंदी घालण्यात आली. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. निफाडच्या परिसरात एखाद्या पहाटे पारा शून्याच्या जवळ येतो, वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. परंतु तेवढ्याने टाकी गोठत नाही. इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेले द्रव आपल्या गरजेस पुरेसे आहे. उरलेले द्रव पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची आपल्या घरांतील सवय मात्र मोडलीच पाहिजे. निळे, गोड वासाचे द्रव मुलांस सरबतच वाटते.

मोटार घेऊन लेह-लडाखला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि टाकी किंवा पंप फोडते. पेट्रोलच्या मोटारीत एंजिनाच्या उष्णतेने बॉनेटखालची हवा तापते, टाकी व फवारे थोडेफार उबदार राहतात. विजेच्या मोटारीत ही फुकटची उष्णता नाही. म्हणून तेथे गोठणबिंदू पुरेसा खाली असलेले द्रव निघण्यापूर्वीच भरावे आणि पंप चालवून नळीतील जुने पाणी बाहेर काढावे. नळीतले पाणी लोक विसरतात. टाकी भरली तरी पहिला गोठतो तो फवाराच.

नव्या मोटारींत काचेच्या वरच्या भागी, आरशामागे, एक कॅमेरा बसवलेला असतो. रस्त्यावरील पांढऱ्या रेषा ओळखणे, समोरचे वाहन पाहून आपोआप ब्रेक लावणे ही कामे तो काचेतूनच पाहून करतो. काच मळली की चालकाबरोबर हा दुसरा पाहणाराही आंधळा होतो, आणि बहुधा चालकाच्या आधी होतो. कारण चालक मान हलवून डागाच्या बाजूने पाहू शकतो, कॅमेऱ्यास ते करता येत नाही.

प्रत्यक्ष भरण्याच्या क्रियेविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. मोटार सपाटीवर उभी करून बंद करावी. वायपर चालू राहिलेले नाहीत, हे पाहावे. झाकणावरील खूण ओळखून मगच ते उघडावे. झाकण उघडल्यावर मानेत गाळणी दिसली तर ती काढू नये, कचरा अडवण्यासाठीच ती असते. नरसाळ्याने सावकाश ओतावे आणि मान काठोकाठ भरण्यापूर्वी थांबावे. मान लांब व वाकडी असल्यामुळे हवा बुडबुड्यांनी वर येते आणि घाई केली तर द्रव उलट उसळते. झाकण घट्ट लावून मोटार चालू करावी व फवारा सोडून पाहावा. टाकी पूर्ण रिकामी झालेली असल्यास पहिले काही क्षण नुसती हवा येते. पंप सतत दाबून न धरता थांबून थांबून चालवावा, कारण द्रवाविना फिरणारा पंप तापतो. पंपाचा आवाज येतो पण द्रव येत नाही, असे झाल्यास छिद्रे बुजलेली असण्याचा संभव असतो. बारीक टाचणीने ती मोकळी करावी. फवारा काचेच्या साधारण मध्यावर पडला पाहिजे. तो छपरावरून मागे उडत असेल तर त्याचे तोंड किंचित खाली वळवावे, आणि हे मोटार उभी असताना नव्हे, तर वेगात असताना फवारा कोठे पडतो ते पाहून ठरवावे; वाऱ्याने तो हातभर सरकतो.